मुख्याध्यापकाला वर्गावर परतण्याची वाट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी 29 वर्षे शिक्षक आहे आणि त्यांपैकी 6 वर्षे मुख्याध्यापक होतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये, दहावीची परीक्षा सुरू असताना, सकाळी हजेरीपटावर सही करता करता माझ्या हातातून पेन निसटला. तो उचलायला वाकलो तर उजवा हात उचलेना आणि शिपायाला हाक मारताना जीभ जड झाली. माझे तोंड एका बाजूला वाकडे झालेले पाहून आमच्या पर्यवेक्षिकाबाईंनी एकही मिनिट न दवडता गाडी बोलावली. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघाताची लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. मला ते वेळेत मिळाले, हे त्या बाईंचे उपकार.

तीन महिन्यांनी रुजू झालो, तेव्हा चालत होतो, बोलत होतो. पण पहिल्याच आठवड्यात शाळेच्या खात्याचा धनादेश बँकेतून परत आला, कारण माझी सही नमुन्याशी जुळत नव्हती. जागरण आणि ताण टाळा, असे डॉक्टरांनी बजावले होते. शालार्थ या वेतन प्रणालीतील देयके, यू-डायस या संकेतस्थळावर भरायची शाळेची माहिती, संचमान्यतेसाठी (म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर होण्यासाठी) विद्यार्थ्यांच्या आधारची पडताळणी, पोषण आहाराचा हिशेब आणि संस्थेच्या बैठका हे सारे एका खुर्चीला चिकटलेले असताना आणि संकेतस्थळ बहुधा रात्रीच नीट चालत असताना तो सल्ला पाळायचा कसा? महिनाभराच्या विचारानंतर, घरच्यांच्या आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या निर्णयाने, मी मुख्याध्यापकपद सोडून सहशिक्षक म्हणून काम करण्याची परवानगी मागितली.

तो अर्ज मार्गी लागायला आठ महिने गेले. कार्यालयात मला सांगण्यात आले की विषयात ‘पदावनती’ असे लिहा. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत हाच प्रकार शिक्षांच्या यादीत येतो. ज्याच्यावर साधी कारणे दाखवा नोटीसही कधी निघाली नाही, त्याने आजारपणामुळे स्वतःहून केलेल्या विनंतीला शिक्षेचेच नाव का असावे, हा प्रश्न मला हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त सलला. दुसरा पर्याय स्वेच्छानिवृत्तीचा सुचवला गेला. पण मला शाळा सोडायची नव्हतीच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेत पदावरून खाली आणता येत नाही. त्याला ते काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते, आणि अनुदानित संस्थाही ‘शासकीय आस्थापने’च्या व्याख्येत येतात. मात्र माझ्यासारखा माणूस, किंवा बायपास झालेला एखादा सहकारी, कागदावर दिव्यांग ठरत नाही आणि पूर्वीसारखा धडधाकटही नसतो. त्याच्यासाठी सोपी, सन्मानाची वाट मला कोठे दिसली नाही. म्हणून अनेक जण गोळ्या खिशात ठेवून निवृत्तीपर्यंत खुर्ची ओढत राहतात. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत तर स्वतंत्र मुख्याध्यापकच नसतो, तेथे प्रभारी शिक्षकाने आजारी पडल्यावर पायउतार तरी कोठून व्हायचे?

आता मी आठवीला इतिहास शिकवतो. फळ्यावर डाव्या हाताने लिहितो, अक्षर उतरते जाते, आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी न सांगता उठून तारखा पुन्हा नीट लिहून देते. संध्याकाळी पाचला मी घरी असतो.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीवरून मुख्याध्यापकाला स्वेच्छेने अध्यापनाकडे परतता यावे, त्याचे वेतन व ज्येष्ठता अबाधित राहावी, अर्जाचा निर्णय 60 दिवसांत व्हावा आणि सेवापुस्तकातील नोंदीत ‘पदावनती’ हा शब्द नसावा, अशी स्पष्ट तरतूद नियमावलीत करावी.

आपला विश्वासू,
एक सहशिक्षक, जि. सातारा