ब्लाइंडच्या दोरीकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला, खिडकीला लावायच्या आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडवरचा लेख वाचला. पट्ट्या हव्या तशा कलत्या केल्या की ऊन छताकडे वळतं, उजेड राहतो आणि तिरीप डोळ्यांवर येत नाही, हे अगदी खरं. पण ब्लाइंड वर-खाली करायच्या दोरीबद्दल लेखात एक अक्षर नाही. हेच ब्लाइंड बसवणं माझं काम, त्यामुळे राहवलं नाही.

ब्लाइंड जेवढा वर जातो, साधारण तेवढीच दोरी बाजूने बाहेर येते. म्हणजे सकाळी पट्ट्या वर गोळा केल्या की दोरी पार खाली लोंबते, आणि रांगणारं मूल तेव्हाच घरभर फिरत असतं. जुन्या ब्लाइंडमध्ये तर दोऱ्यांची टोकं खाली एकाच गोंड्यात अडकवलेली असतात. तो तयार फासच. गळा आवळला गेला की मुलाला ओरडता येत नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला चाहूलही लागत नाही. पट्ट्यांमधून जाणारी दोरीसुद्धा मूल बोटाने ओढून बाहेर काढतं, तिचंही वेटोळं होतं.

अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासूनच्या मानकानुसार दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंडना लांब मोकळी दोरी चालत नाही. ब्रिटनमध्ये दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून किमान दीड मीटर उंच लावतात. गिऱ्हाईक मात्र पट्टी २५ मिलिमीटरची की ५० ची, लाकडी की अ‍ॅल्युमिनियमची, यावरच बोलत राहतं. दोरीचा विषय मलाच काढावा लागतो, आणि तो मी प्रत्येक घरी काढतो.

लहान मूल असेल तर बिनदोरीचाच घ्या. खालची पट्टी हाताने उचलली की तो वर जातो, पट्ट्या फिरवायला बाजूची दांडी पुरते. जुना बदलणं शक्य नसेल तर निदान दोऱ्यांची टोकं सुटी करून प्रत्येकाला वेगळा गोंडा लावून घ्या, आणि ब्लाइंड वर केला की लगेच दोरी उंच खुंटीला गुंडाळा. पाळणा, पलंग, खुर्ची खिडकीखालून हलवा. मूल खुर्चीवर चढलं की दीड मीटरही त्याच्या हाताला येतो.

पुढच्या पुरवणीत एवढं तरी चौकट करून छापावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
ब्लाइंड बसवणारा एक कारागीर