स्वादुपिंडाचा कर्करोग : गाठीसोबत स्नायूही मोजले जावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात बहुतेक वेळा रक्ताच्या एखाद्या नव्या चाचणीने हा आजार लवकर ओळखता येईल, अशी आशा व्यक्त केलेली असते. ती आशा बाळगणे योग्यच आहे, कारण निदान होते त्या वेळी शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण जेमतेम १५ ते २० टक्के असतात. पण निदान झाल्यानंतर रुग्णाच्या हाती जे महिने उरतात, त्यांविषयी त्याचे रक्त आणि त्याचे शरीर काय सांगत असते, याबद्दल फारच थोडे लिहिले जाते. माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात त्याची फाइल मी सात महिने सांभाळली. त्या फाइलीत असूनही आमच्यापैकी कोणी न वाचलेल्या काही गोष्टींविषयी हे पत्र आहे.

आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ असलेला आकडा एकच होता : ‘सीए १९-९’. हा रक्तातील घटक १९७९ च्या सुमारास शोधला गेला आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात आजही सर्वाधिक तपासला जाणारा दर्शक तोच आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ३७ ही वरची मर्यादा छापलेली असते. पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ झाली, की कर्करोग तेवढाच असूनही हा आकडा चढतो, आणि नलिकेत स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवून पित्ताला वाट करून दिली, की तो उतरतो. दादाच्या बाबतीत नेमके हेच झाले. आकडा निम्म्याहून खाली आला आणि गाठ विरघळू लागली, असे आम्ही सारे समजलो. शिवाय साधारण ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा घटक जन्मतःच तयार होत नाही, त्यामुळे आजार पसरलेला असतानाही त्यांचा अहवाल निर्दोष दिसू शकतो. कावीळ उतरल्यावर घेतलेला आकडा आणि उपचारांदरम्यान त्याचा चढउतार यांना मोल आहेच, मात्र तो बोलतो तो गाठीविषयी. रुग्ण उपचार किती सोसू शकेल, हे त्याच्यावरून कळत नाही.

ते ज्यांच्यावरून कळते, ते आकडे त्याच फाइलीत अधिक साध्या कागदांवर होते. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे मोजलेले असतात. त्यांतील न्यूट्रोफिल वाढत जातात आणि लिम्फोसाइट घटत जातात, तेव्हा शरीरात दाह (इन्फ्लमेशन) धुमसत असल्याची ती खूण असते, आणि या दोहोंचे गुणोत्तर जितके मोठे, तितकी रोगाची वाटचाल वाईट, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. याच दाहाचा संदेश, मुख्यतः इंटरल्युकिन-६ या रेणूमार्फत, यकृताला मिळतो. मग यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन भरपूर बनवू लागते आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घसरते. ग्लासगो येथील संशोधकांनी या दोन गोष्टींवरून एक साधा गुणांक बसवला. त्याच्या सुधारित रूपात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेले तर १ गुण, आणि त्याच वेळी अल्ब्युमिनही लिटरला ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर २ गुण. त्याहून जुना हिशेब जपानी शल्यचिकित्सक ओनोडेरा यांनी १९८४ मध्ये मांडला : डेसिलिटरमागे ग्रॅममधील अल्ब्युमिनला १० ने गुणायचे आणि त्यात घनमिलिमीटरमधील लिम्फोसाइटांच्या संख्येची ०.००५ पट मिळवायची. अल्ब्युमिन ३.२ आणि लिम्फोसाइट १२०० असतील तर उत्तर ३८ येते. पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेसाठी ४५ च्या वर भरवसा आणि ४० च्या खाली धोका, असे त्यांचे म्हणणे होते. यासाठी जास्तीची एक सुईही टोचावी लागत नाही.

आता स्नायूंकडे वळते, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिले. कर्करोगात हाच ऱ्हास वर्षांऐवजी आठवड्यांत घडतो, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात तो इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा अधिक रुग्णांत आढळतो. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा सीटी स्कॅनचा एक छेद घेऊन त्यातील स्नायूंचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्याला उंचीच्या वर्गाने भागायचे. स्वादुपिंडाच्या प्रत्येक रुग्णाच्या पोटाचा सीटी स्कॅन होतोच आणि तो मणका त्यात असतोच. दादाचे चार महिन्यांच्या अंतराने दोन स्कॅन झाले होते. दोन्ही अहवालांत गाठीची लांबी-रुंदी मिलिमीटरपर्यंत नोंदवलेली होती, रक्तवाहिन्यांशी तिचा संबंध होता, यकृताविषयी पूर्ण परिच्छेद होता, पण स्नायूंविषयी एक अक्षरही नव्हते. पुढे ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्टनी त्या दोन चित्रांतील तोच छेद मला शेजारी शेजारी लावून दाखवला. पाठीच्या कण्यालगतचे स्नायू दुसऱ्या चित्रात आक्रसले होते, आणि जे उरले होते त्यांत चरबीच्या काळसर रेषा शिरलेल्या होत्या. ते ओळखायला वैद्यकाचे शिक्षण लागत नव्हते.

वजनकाट्याने मात्र आम्हाला फसवले. त्या चार महिन्यांत दादाचे वजन दीड किलोनेच उतरले होते, कारण पोटात आणि पायांत पाणी साठत होते. ज्यांचे वजन मुळात जास्त असते, त्यांच्या बाबतीत ही फसगत आणखी मोठी होते : अंगावरची चरबी तशीच राहते आणि तिच्याखालचा स्नायू निघून जातो. कानशिलांजवळ पडलेले खळगे, खुर्चीतून उठताना हातांचा घ्यावा लागणारा आधार, बाटलीचे झाकण न उघडणे, या खुणा आम्ही रोज पाहत होतो आणि ‘अशक्तपणा आहे’ एवढे म्हणून पुढे जात होतो. केमोथेरपीची मात्रा सहसा उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळानुसार ठरते. सारखेच वजन असलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीच्या अंगात स्नायू कमी असतील, तर तीच मात्रा तिला अधिक जाचक ठरू शकते, हे अभ्यासांतून पुढे आलेले आहे. दादाच्या दुसऱ्या फेरीनंतर मात्रा कमी करावी लागली आणि चौथी फेरी झालीच नाही.

रक्तातील दाह आणि स्नायूंची झीज ही एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत, हे मला फार उशिरा उमगले. ज्या रेणूंमुळे यकृताचे काम बदलते, तेच स्नायूंतील प्रथिने मोडण्याची यंत्रणा चालू करतात आणि भूकही मारतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांना पुढे हा कर्करोग झाला, त्यांच्या रक्तात निदानाच्या काही वर्षे आधीच ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले वाढलेली होती. ती ऊतींमधील प्रथिने मोडून रक्तात येत होती, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे कोणाला कसलीही शंका येण्यापूर्वी शरीर आतून झिजू लागलेले असते. त्यात स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात पोहोचेनासे झाले, की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. तेलकट, तरंगणारी, उग्र वासाची शौच हे त्याचे लक्षण. त्यावर पाचक एंझाइमच्या कॅप्सूल मिळतात आणि त्या जेवणासोबतच, पहिल्या घासापासून घ्यायच्या असतात. दादाला त्या पाचव्या महिन्यात सुरू झाल्या. तोपर्यंत आम्ही त्याच्या पुढ्यात ताट ठेवून त्याला रागावत होतो, की तू मनावर घेत नाहीस. हे लिहिताना आजही हात जड होतो.

हे आकडे कळून उपयोग काय, असे विचारले जाईल. उपयोग आहे, मात्र त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पित्तनलिकेतील जंतुसंसर्गानेही न्यूट्रोफिल आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढतात, स्टिरॉइडनेही न्यूट्रोफिल वाढतात, त्यामुळे एका दिवसाच्या अहवालावरून काही ठरवू नये. स्नायूंच्या क्षेत्रफळाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यासाठी पुरुषांना ५२.४ आणि स्त्रियांना ३८.५ (चौरस मीटरमागे चौरस सेंटिमीटर) ही जी सीमारेषा वारंवार वापरली जाते, ती २००८ मध्ये कॅनडातील लठ्ठ रुग्णांवरून काढलेली आहे. वेगळ्या बांध्याच्या लोकांना ती जशीच्या तशी लावणे बरोबर नाही. म्हणून एकाच रुग्णाच्या दोन स्कॅनमधील फरक मला कोणत्याही सीमारेषेहून अधिक बोलका वाटतो. आणि हे सारे निष्कर्ष शेकडो रुग्णांच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या एका माणसाला त्यावरून महिने मोजून सांगणे हे विज्ञानही नाही आणि माणुसकीही नाही.

करता येण्याजोगे बरेच आहे. कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत, अशी युरोपीय पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे. झेपेल तेवढा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एंझाइमच्या कॅप्सूल, वेदनेवर आणि मळमळीवर वेळीच इलाज, आणि पहिल्या आठवड्यापासून आहारतज्ज्ञांचा सल्ला, यांतले काहीच दुर्मीळ नाही. औषधांच्या बाबतीतही हालचाल सुरू आहे. जपानने २०२१ मध्ये ॲनामोरेलिन या औषधाला स्वादुपिंडासह काही कर्करोगांत होणाऱ्या शरीराच्या झिजेसाठी (कॅकेक्सिया) मान्यता दिली. जीडीएफ-१५ या भूक मारणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅबची १८७ रुग्णांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात १२ आठवड्यांत रुग्णांची वजने वाढलेली दिसली. त्याने आयुष्य वाढते, असे त्या चाचणीने सिद्ध केलेले नाही, आणि तसे कोणी सांगू लागले तर वाचकांनी सावध राहावे.

रेडिओलॉजिस्ट मंडळींना माझी विनंती आहे, की स्वादुपिंडाच्या रुग्णाच्या प्रत्येक सीटी अहवालात कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील स्नायूंविषयी एक ओळ असावी, आणि मागचा स्कॅन उपलब्ध असेल तर त्याच्याशी तुलना असावी. कर्करोगतज्ज्ञांनी ‘सीए १९-९’ सांगताना त्याच दमात अल्ब्युमिनही सांगावे. आणि ज्यांच्या घरी आज अशी फाइल आहे, त्यांनी पुढच्या भेटीत दोनच प्रश्न विचारावेत : स्नायू किती उतरले आहेत, आणि एंझाइमची गरज आहे का? आपल्या आरोग्य पुरवणीत या विषयावर जाणकारांकडून सविस्तर लेख लिहून घेता आला, तर तोही अवश्य छापावा.

कळावे.

आपली नम्र,
एक वाचक