तारे वाटले, हिशेब कोण तपासणार?

संपादक महोदय,

शनिवारच्या अर्थ पुरवणीतला घरबसल्या आयकर रिटर्न भरण्याच्या ॲपविषयीचा लेख वाचला. ॲपना तारे वाटलेत, कुणाला चार, कुणाला साडेचार. 'दिसायला आकर्षक', 'वापरायला सोपे', 'चॅटवर तत्पर मदत' असे रकाने आहेत. हिशेब बरोबर येतो का, हा रकाना मात्र भिंग घेऊनही सापडला नाही. आयकर खात्याच्या स्वतःच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसा लागत नाही, एक्सेल युटिलिटी, म्हणजे रिटर्न भरायचे खात्याचे सॉफ्टवेअरही तिथून फुकट उतरवून घेता येते, याचा अर्ध्या पानाच्या लेखात उल्लेखही नाही. त्याच पानाच्या तळाशी साडेचार तारे मिळवलेल्या ॲपची जाहिरात असल्यामुळे जागा कमी पडली असेल, हे समजू शकते.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. घरातल्या सगळ्यांची रिटर्न माझ्याकडेच असतात. 2025 मध्ये आमच्या भाऊजींनी मला त्रास नको म्हणून असेच एक 'फुकट' ॲप घेतले. भाऊजी निवृत्त शिक्षक. पेन्शन, बँकेतल्या ठेवी आणि म्युच्युअल फंडाचे थोडे युनिट विकून आलेला 18 हजारांचा दीर्घ मुदतीचा नफा, एवढाच पसारा. शेवटच्या पायरीवर आल्यावर त्यांचा फोन.

"अगं, हे पावणेसतरा हजार भरायला सांगतंय. दरवर्षी तर मलाच परत मिळतात."

"भाऊजी, आता काही दाबू नका. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट काढा आणि ॲपमधला आकडा मला वाचून दाखवा."

सर्टिफिकेटवर व्याज 1 लाख 12 हजार. ॲपमध्ये 2 लाख 24 हजार. एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे जमा झालेल्या आपल्या उत्पन्नाच्या वार्षिक पत्रकात, तेच व्याज दोन ठिकाणी होते: एकदा टीडीएस (बँकेने आधीच कापलेला कर) कापल्याची नोंद म्हणून आणि एकदा बँकेने व्याजाची वेगळी माहिती कळवली म्हणून. शाळेतल्या पोरालाही शंका आली असती. ॲपने बेरीज केली आणि वर हिरवी बरोबरची खूण मारली. नव्या करपद्धतीत 75 हजारांची प्रमाणित वजावट घेऊन भाऊजींचे उत्पन्न 6 लाख 75 हजार होत होते, म्हणजे त्या वर्षीच्या 7 लाखांच्या मर्यादेच्या आत, कमी उत्पन्नवाल्यांना कर माफ करणाऱ्या कलम 87ए ची सवलत धरून कर शून्य. बँकेने कापलेले 11,200 रुपये परत यायचे होते. व्याज दुप्पट धरल्याबरोबर 7 लाखांची रेघ ओलांडली गेली आणि परतावा राहिला बाजूला, उलट भरणा निघाला.

एवढ्यावर भागले नाही. 18 हजारांचा नफा दिसताच ॲपने त्यांना 'सहज' (आयटीआर-1) या सोप्या फॉर्ममधून उचलून आयटीआर-2 या मोठ्या फॉर्ममध्ये टाकले आणि फुकटची योजना संपली, आता अमुक रुपयांची योजना घ्या, असा फलक लावला. वास्तविक 2025-26 या करनिर्धारण वर्षापासून शेअर आणि इक्विटी फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा 'सहज'मध्येच दाखवता येतो. ही गोष्ट ॲपला माहीत नव्हती की सोयीने विसरली, ते त्यांचे त्यांना ठाऊक. शेवटी मीच पोर्टलवर बसून 'सहज' भरले. आधीच भरून आलेले आकडे तिथेही पासबुकाशी ताडून पाहावे लागतात, पण निदान चुकीच्या बेरजेचे पैसे तरी कोणी मागत नाही.

पोर्टलची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. 5 जुलै 2024 ला खात्याने युटिलिटी बदलली आणि विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर (उदा. शेअरवरचा अल्प मुदतीचा नफा) 87ए चा दावा करणेच अशक्य झाले. जूनमध्ये भरणाऱ्याला सवलत, ऑगस्टमध्ये भरणाऱ्याला नाही! कायदा तोच, वर्ष तेच. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या करसल्लागारांच्या संघटनेला त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले, आणि करदात्याला निदान दावा तरी करता आला पाहिजे, सॉफ्टवेअरने दार बंद करू नये, हे जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. 2025 मध्ये तर आयटीआर-2 ची युटिलिटीच जुलैत आली. मुदत 31 जुलैची 15 सप्टेंबर झाली, मग आणखी एक दिवस. हे सारे आपल्याच पानांवर छापून आले होते. लेखकमहाशयांनी आपलाच पेपर वाचला असता तर सॉफ्टवेअर निवडताना रंगसंगतीपलीकडे काय पाहावे, हे त्यांना सुचले असते.

जाता जाता, 'तज्ज्ञांना विचारा' या सदराकडे मी दिवाळीआधी एक प्रश्न पाठवला होता: नवरा-बायकोच्या संयुक्त ठेवीचा टीडीएस एकाच्याच पॅनवर कापला गेला, तर व्याज कोणी दाखवायचे? उत्तर अजून आलेले नाही. त्या सदराची जागा हल्ली राशिभविष्याने घेतली आहे. कृपया प्रश्न ज्योतिषांकडे वळवला असल्यास तसे कळवावे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा