बदकांसाठी तलावाचा उथळ काठ राखून ठेवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळ्यात येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडी या तलावांवर आलेल्या पाहुण्या पक्ष्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, त्या मी आवर्जून वाचते. तलाव किती भरला आणि पक्षी किती आले, हे दोन आकडे बहुतेक बातम्यांत असतात. आलेल्या पक्ष्यांना इथे खायला काय मिळालं, हे मात्र कुठेच येत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला हवं. मी पशुवैद्यक आहे. नोकरी खानापूर, आटपाडी आणि खटाव या तालुक्यांत झाली, निवृत्तीनंतर विट्यातच राहते. पक्ष्यांचं बाहेरून निरीक्षण करणारे जाणकार आपल्या भागात पुष्कळ आहेत. मी पक्षी आतून पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

विट्याच्या परिसरात पोल्ट्री भरपूर. मेलेली कोंबडी उघडून रोग शोधणं हे आमचं रोजचं काम. चिकनच्या दुकानात ज्याला पेटा म्हणतात आणि आम्ही पेषणी म्हणतो, तो अवयव उघडला की पक्षी काय खात होता ते कळतं. पक्ष्याला दात नसतात. दळण्याचं सगळं काम ही स्नायूंची पिशवी करते, आणि त्यासाठी पक्षी वाळू-खडे गिळून आत साठवतो. मॅश म्हणजे फार बारीक दळलेल्या खाद्यावर वाढलेल्या कोंबडीची पेषणी लहान आणि ढिली सापडते, तिच्या अलीकडचं, पाचक रस सोडणारं ग्रंथिल जठर बरेचदा फुगलेलं असतं. खाद्यात भरडलेला मका, अख्खे दाणे, टरफलं असली की पेषणी जाड आणि घट्ट होते. जुन्या पोल्ट्रीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

रानबदकांच्या बाबतीत ही गोष्ट फार पुढे जाते. वनखात्याने तपासायला आणलेली मेलेली बदकं उघडताना मी ते पाहिलं आहे. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, कडेला बारीक दात्यांची झालर. तो पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव आणि बारीक बिया खातो. त्याला फारसं दळावं लागत नाही, म्हणून त्याची पेषणी त्याच्या अंगमानाच्या इतर बदकांपेक्षा लहान. गडवाल पाणवनस्पतींची पानं, देठ, शेवाळ यावर जगतो. या चाऱ्यात तंतू जास्त आणि सत्त्व कमी, म्हणून त्याचं आतडं लांब असतं आणि आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद नळ्या, ज्यांना अंधनाल म्हणतात, त्याही चांगल्या लांब असतात. तिथे जिवाणू राहतात आणि चाऱ्यातलं उरलंसुरलं सत्त्व सोडवायला मदत करतात. शेंडी बदक बुडी मारून गोगलगायी आणि शिंपले कवचासकट गिळतं. ते कवच पेषणीतच फुटायचं असतं, तेव्हा तिची भिंत किती जाड असेल याची कल्पना यावी. एकाच तलावावर, एकाच सकाळी पोहणाऱ्या या तीन बदकांची पोटं इतकी वेगवेगळी असतात.

एवढं असतं तर जातीजातीतला फरक म्हणून सोडून देता आलं असतं. पण एकाच जातीच्या, किंबहुना एकाच बदकाच्या पोटातही खाद्याप्रमाणे बदल होतो. पाळलेल्या मॅलार्ड बदकांना तंतुमय खाद्य देऊन केलेला एक अभ्यास कॅनडात १९८८ साली प्रसिद्ध झाला. जास्त तंतूंच्या खाद्यावर पचनाचे अवयव वाढले, आणि त्याला वर्षं लागली नाहीत, काही आठवडे पुरले. हिवाळ्यातल्या गडवालांच्या आतड्याची लांबीही ऋतूतल्या चाऱ्याबरोबर बदलते असं दिसलं आहे. समुद्रकाठच्या काही लांब पल्ल्याच्या पाणपक्ष्यांत तर उड्डाणापूर्वी पचनाचे अवयव आकसतात आणि मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा भरतात. उडताना ते वजन वाहून नेणं परवडत नाही.

आता हे आपल्या तलावांना लावून बघा. मध्य आशियातून, सैबेरियातून थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक इथे येतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब हे हंस येतात. आल्यावर त्यांना प्रवासातली झीज भरून काढायची असते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतण्यापूर्वी अंगावर चरबी चढवायची असते. इथल्या काही महिन्यांत त्यांना जे खायला मिळतं त्यातूनच हे सगळं व्हायचं असतं. चारा निकृष्ट असला तर बदक मरत नाही, आपल्याला ते तलावावर पोहताना दिसतच राहतं, मोजणीत धरलंही जातं. पण त्याचं पोट जास्त चारा दळण्यात गुंतलेलं राहतं, चरबी साठत नाही, आणि त्याची किंमत ते पुढे कुठेतरी वाटेत मोजतं. त्याची बातमी आपल्याकडे येत नाही.

बदकांना चांगला चारा मिळतो तो उथळ काठावर. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बुडी मारणारी बदकं नव्हेत. ती मान बुडवून, शेपूट वर करून तळाशी पोचतात. मान पोचते तेवढंच त्यांचं शेत: साधारण फूटभर पाणी, फार तर दीड फूट. तिथपर्यंत ऊन पोचतं, गाळात किड्यांच्या अळ्या असतात, गवतांच्या बिया पडलेल्या असतात, गोगलगायी असतात. दहा-पंधरा फूट पाण्यावर ती बसलेली दिसतात, पण विश्रांतीसाठी. तलाव काठोकाठ भरलेला आणि काठ उभा कापलेला असेल, तर वर बदकं दिसतील आणि त्यांची पोटं रिकामी असतील.

इथे मला फार जपून लिहायचं आहे, कारण मी दुष्काळी तालुक्यातली आहे. आमच्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी बांधले. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून खानापूर-आटपाडीत पोचलं तेव्हा बायाबापड्यांनी त्या पाण्याची ओटी भरली, त्या पाण्याविरुद्ध एक शब्दही मी लिहिणार नाही. पण पूर्वी पावसाळ्यानंतर तलाव हळूहळू उतरायचा, आठवड्याआठवड्याला नवा चिखल उघडा पडायचा, आणि त्या सरकत्या कडेबरोबर बदकंही सरकत जायची. आता काही तलावांत हिवाळ्यात आवर्तन येतं आणि पातळी मधेच वर चढते. पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकात याचा विचार करता येईल का, एवढं तरी जाणकारांनी तपासावं.

गाळाबद्दल मात्र मी ठाम आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून सुरू झाली. गाळ काढलाच पाहिजे, तो शेतात पडला की जमीन सुधारते. पण उन्हाळ्यात तलाव आटल्यावर यंत्र जाऊ शकतं ते कोरड्या काठावर. मध्यभागी ओल असते, ट्रॅक्टर रुततो. म्हणून काठ खणला जातो, मधला गाळ तसाच राहतो. पावसाळ्यानंतर तिथे उभ्या भिंतीचे खड्डे पाण्याखाली जातात. बदकांच्या दृष्टीने ते शेत गेलं. गुरांच्याही दृष्टीने वाईट, पाण्यावर उतरलेली म्हैस अशा खड्ड्यात फसून बुडाल्याचे पंचनामे मी केले आहेत. ओढा तलावाला जिथे मिळतो ती वरची बाजू सर्वांत उथळ आणि चाऱ्याने सर्वांत समृद्ध असते. ती बाजू खणू नये. बाकी ठिकाणी काठाचा एक पट्टा सोडून आत खणावं आणि खणलेल्या जागेला चढ-उतार ठेवावा. यात सरकारचा पैसा वाढत नाही. गाळ नेणाऱ्याला चार पावलं आत जावं लागेल, एवढंच.

त्याच काठावर गाळपेर होते. पाणी उतरेल तसा हरभरा किंवा ज्वारी टाकायची, ही जुनी रीत आहे आणि भूमिहीनांना त्याचा आधार आहे. पण अलीकडे तिथे बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं रंगीत बियाणं पडतं, फवारणी होते. सांडलेला दाणा बदक खातं. औषध यकृत आणि मूत्रपिंडांतून जातं, कारण शरीरात आलेलं विष निस्तरायचं काम त्यांचंच. पाण्याच्या कडेला बियाणं मातीआड गेलं आहे ना एवढं पाहिलं, आणि कडेच्या दोन-चार ओळींवर फवारा मारला नाही, तरी खूप होईल.

शिशाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. बदक पेषणीसाठी खडे वेचतं तेव्हा बंदुकीचा छर्रा किंवा जाळ्यातून निसटलेली शिशाची गोळी त्याला खड्यासारखीच वाटते. पोटातलं आम्ल आणि पेषणीची रगड यांनी ते शिसं झिजतं आणि रक्तात उतरतं. असं बदक उघडलं तर काटकुळं झालेलं असतं, छातीचं हाड वर आलेलं, पेषणीचं अस्तर पित्ताने हिरवं पडलेलं, पित्ताशय तट्ट फुगलेलं आढळतं. एखाद-दोन छर्रेही घातक ठरू शकतात. आणि पुन्हा खाद्य इथेही आडवं येतं: नुसत्या मक्यावर असलेल्या बदकाला तेच शिसं जास्त बाधतं, कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर असलेल्या नैसर्गिक चाऱ्यावर कमी. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ मध्ये बंद केले, युरोपियन युनियनने पाणथळ जागांवर २०२३ मध्ये. ब्रिटनने हंसांसाठी मासेमारीची बहुतेक शिशाची वजनं १९८७ मध्येच बंद केली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद आहे, पण जाळ्याच्या शिशाचा विचार झालेला नाही. फाटकी जाळी काठावर टाकून देऊ नयेत, ही सूचना मच्छीमार बांधव नक्की ऐकतील. ती त्यांना कुणी सांगितलेलीच नाही.

रविवारी तलावावर येणाऱ्या कुटुंबांनाही माझी विनंती आहे. फरसाण, शेव, पाव टाकू नका. मीठ पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, आणि मऊ पावाने पेषणीला काही कामच उरत नाही. मुलांना दुर्बीण द्या.

शेवटी मेलेल्या पक्ष्यांबद्दल. राजस्थानात सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले, त्यांत थापट्याही होते. कारण बॉट्युलिझम. कुजणाऱ्या मेलेल्या पक्ष्यात विष तयार होतं, त्यावरच्या अळ्यांत साठतं, अळ्या दुसरा पक्षी खातो, त्याची मान लुळी पडते आणि तो बुडतो. अशा पक्ष्याचे अवयव उघडून पाहिले तर जवळजवळ काहीच सापडत नाही, यकृत ठीक, आतडं ठीक. प्रयोगशाळेतच ते उमगतं. म्हणून मेलेला पक्षी काठावर पडू देऊ नये. कृष्णेत सांगलीजवळ मासे मेल्याच्या बातम्या आपण छापल्या आहेत. तसे मासे काठावर कुजत ठेवणंही तितकंच धोक्याचं. गिधाडं का संपली हे २००४ मध्ये कळलं ते मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली म्हणून, आणि त्यांना मारक ठरलेलं, जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दोन वर्षांत बंद झालं. ती गिधाडं न तपासता पुरली असती तर आजही आपण अंदाजच बांधत बसलो असतो.

तलावावर मेलेलं किंवा मान टाकलेलं बदक दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना पोचू देऊ नका. बर्ड फ्लूची शक्यता नेहमीच धरायची. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही सांगा. दवाखान्यातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक सांगणं: पक्षी बर्फात ठेवा, गोठवू नका, गोठलं की अवयवांच्या पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. पेषणीतले खडे धुऊन चुंबकाजवळ आणि उजेडात बघा. चुंबकाला न चिकटणारा, करडा, मऊ, नखाने चरा पडणारा खडा दिसला तर तो वेगळा ठेवा, तो शिशाचा असू शकतो.

मायणी परिसर २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. पण खटाव, माण, आटपाडी, खानापुरातले शेकडो लहान तलाव त्या क्षेत्राबाहेर आहेत आणि बदकं हद्द बघून उतरत नाहीत. या तलावांवर गाळाचं काम एप्रिल-मेमध्ये सुरू होतं, ठराव त्याआधी ग्रामपंचायतीत होतात. आपण त्याच्या अगोदर हे पत्र छापलंत तर ठरावात ‘ओढ्याकडची बाजू आणि काठाचा पट्टा सोडून’ एवढे शब्द घालता येतील. कोणत्याही गावच्या ग्रामसभेने बोलावलं तर मी स्वतः येऊन समजावून सांगायला तयार आहे. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
विटा, जि. सांगली