बाटल्या दारूच्या नाहीत, आणि मला काही झालेलं नाही

कोपनहेगन, रविवार

आई, पप्पा, आज्जी,

फोनवर तू रडायला लागलीस की मला धड काही सांगता येत नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय. बंटीच्या मोबाइलवर टाकलंय, त्याला म्हणावं आज्जीला मोठ्यानं वाचून दाखव आणि स्वतःबद्दलचं गाळू नको.

पहिलं म्हणजे मी आजारी नाही. दुसरं म्हणजे त्या बाटल्या. कॉलवर मागं कोपऱ्यात पिशवी दिसली आणि पप्पा एकदम गप्प झाले, मला कळलं. पप्पा, इथं पाणी, कोल्ड्रिंक, बिअर काहीही घेतलं की रिकाम्या बाटलीचे पैसे बिलात वेगळे लावतात, कॅनला 1 क्रोन, प्लास्टिकच्या छोट्या बाटलीला दीड, मोठीला 3, आणि क्रोन म्हणजे तेरा-चौदा रुपये धरा. त्यामुळं बाटली कोण फेकत नाही, घरात साठवतात. मग सुपरमार्केटात भिंतीला गोल भोक असलेलं मशीन असतं त्यात एकेक सरकवायची, ते आतल्या आत फिरवून बारकोड वाचतं, चेपलेली असली की परत तोंडावर ढकलतं, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की बिलातून तेवढे वजा. आमचा मॅनेजरसुद्धा खांद्याला पिशवी लावून लाइनीत उभा असतो, कुणाला काही वाटत नाही. आणि ज्याला कंटाळा असतो तो बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, डब्याला बाहेरून फळी असते तिच्यावर ठेवतो, म्हणजे गोळा करणाऱ्याला आत हात घालायला नको. हे मला फार आवडतं. तर माझ्या पिशवीत सगळ्या साध्या सोड्याच्या बाटल्या आहेत, पोट गच्च वाटतं म्हणून तो पिते.

गच्च का वाटतं, तर ते वजन उतरवायचं इंजेक्शन. बंटीनं तुला "ताईवर प्रयोग चाललाय" असं सांगितलं म्हणे. चाललाय, पण मी काय पिंजऱ्यातला उंदीर नाही, सगळं वाचून सही केलीय आणि कारण न देता कुठल्याही दिवशी बाहेर पडू शकते. जेवल्यावर स्वादुपिंडातून इन्शुलिनबरोबर अमिलिन नावाचं अजून एक हार्मोन सुटतं, ते मेंदूला बास म्हणून सांगतं आणि पोट सावकाश रिकामं होतं. अंगातलं अमिलिन काही मिनिटांत संपतं, म्हणून आठवडाभर टिकेल असं बनवायची खटपट चाललीय. कॅग्रिलिंटाइड नावाचं एक त्यात बरंच पुढं गेलंय, ते सेमाग्लुटाइड या आधीच बाजारात असलेल्या वजनाच्या औषधाच्या जोडीनं 3,417 लोकांत 68 आठवडे तपासलं तेव्हा सरासरी वजन 20.4 टक्के उतरलं, बिनऔषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 3 टक्के. माझं त्याच कुळातलं आहे, अजून बाजारात नाही. आणि मला खरं मिळतंय का बिनऔषधाचं हे मलाही माहीत नाही, नर्सलाही नाही. डोस वाढवला की मळमळतं, त्यावरून मी अंदाज बांधला तर ती म्हणाली बिनऔषधवाल्यांनाही मळमळतं!

सुई बारीक आहे, आज्जीच्या इन्शुलिनच्या पेनासारखीच. दर वेळी वजन, रक्त, नाडी बघतात आणि मग एक कागद देतात, त्यावर आडवी रेघ, एका टोकाला अजिबात भूक नाही, दुसऱ्या टोकाला इतकी भूक कधीच लागली नव्हती, आत्ता कुठं आहेस तिथं उभी खूण कर. मी पेन धरून बसते आणि मला आज्जीच्या चुलीपुढं पुरणाची पोळी फुगायची वाट बघत बसलेली भूक आठवते. तिच्यापुढं बाकीच्या सगळ्या खुणा डावीकडंच जातात.

तू पाठवलेलं भडंग मिळालं. लगेच फोडलं, मूठभर घेतलं, लसूण करकरीत, शेंगदाणा, कढीपत्ता सगळं तसंच, आणि निम्म्यातच हात थांबला. चव बदललेली नाही गं, खावंसंच वाटेना. बाकीचं ऑफिसात दिलं, सगळे खूश, तिखटानं नाकं लाल. तुला सांगणार नव्हते पण तू परत पाठवशील म्हणून सांगितलं. सध्या नको पाठवू.

पैशासाठी मी हे करत नाही. जायचा-यायचा खर्च आणि थोडा भत्ता मिळतो, त्यालाही टॅक्स आहे. आपल्याकडं दोन्ही बाजूंनी शुगर आहे म्हणून केलं. कोल्हापूरच्या त्या बाई बघायला आल्या तेव्हा "मुलगी अंगानं जरा जास्तच" म्हणाल्या त्यामुळं केलं असं तुला वाटत असेल तर तसं नाही. थोडंफार असेल. पण तसं नाही.

आता बंटी. जिममधला पोरगा त्याला रेटाट्रुटाइड नावाच्या वजन उतरवायच्या औषधाची बाटली आणून देतोय म्हणे, पावडर, आपणच पाणी घालून टोचायची. त्यानं मला आकडे पाठवले, 2023 च्या चाचणीत 338 लोक, सगळ्यात मोठ्या डोसला 48 आठवड्यांत 24 टक्के वजन कमी. आकडे बरोबर आहेत रे, पण तिथं डोस हळूहळू चढवत होते आणि नाडीचे ठोके वाढतात म्हणून लक्ष ठेवून होते. तुझा जिमवाला काय मोजणार, बायसेप? अशा बाटल्यांवर माणसासाठी नाही असं छापलेलं असतं आणि आत काय आहे ते देव जाणे. एवढंच असेल तर मिरजेला डॉक्टरांकडं जा, मंजूर झालेली औषधं आपल्याकडं चिठ्ठीवर मिळतात. पप्पा, त्याला यासाठी एक रुपया देऊ नका.

वरच्या स्लॅबचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, कॉन्ट्रॅक्टरला सगळे एकदम देऊ नका. दिवाळीला जमत नाही, तपासणीची तारीख नेमकी मध्येच आलीय. हलवता येते का विचारलं नाही, विचारायला हवं होतं की काय माहीत नाही. बंटीच्या लग्नाला मात्र माघात नक्की, आत्याला सांग हळदीला मीच पुढं असणार.

विट्याच्या स्थळाबद्दल. चाचणी चालू असेपर्यंत आणि नंतरही काही आठवडे दिवस राहता कामा नयेत असा नियम आहे (बंटी, हे मोठ्यानं वाचू नको), त्यामुळं बोलणी झाली तरी लग्न पुढच्या पावसाळ्यानंतरच. इंजेक्शनचं त्यांना सांगायचं, लपवायचं नाही. आणि तू म्हणतेस तसा आत्ताचा बारीक झालेला फोटो पाठवू नको. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं उतरलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं, माझंही येईल. मावशीच्या लग्नातला, मोरपंखी साडीतला फोटो पाठव. त्यांना तीच चालत असेल तर पुढं बोला.

आज्जीच्या मोतीबिंदूची तारीख कळव.

तुझी,
माई