सूचना : सवलतीच्या ढिगातले जुने व्हिडिओ गेम घेताना

सभासदहो, ढिगात वरवर जुने क्रीडा-गेमच दिसतात. ते बाजूला सारून तळापर्यंत जा. पहिल्या प्लेस्टेशनच्या मूळ डिस्कची खालची बाजू काळी असते. चंदेरी दिसली तर बहुधा नक्कल. सीडीच्या लेबलवरचा ओरखडा जास्त घातक, कारण माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. खालचे बारीक ओरखडे पॉलिशने निघू शकतात.

कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेल्या प्लास्टिकच्या डबीत) कृपया फुंकर मारू नका, ओलाव्याने तिच्या धातूच्या संपर्कपट्ट्या गंजतात. त्या पट्ट्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पूर्ण वाळू द्या. १९८७ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या कार्ट्रिजमध्ये खेळ जतन करायला बॅटरी असते. ती संपली तरी गेम चालतो, म्हणून असा नग सोडू नका. मात्र बॅटरी काढताच जुना जतन खेळ पुसला जाऊ शकतो.