गजाला तूच सांग

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

पोळ्यापासून तुला पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या पोचल्या असे समज. माझी साखर आटोक्यात आहे, आईचे गुडघे तसेच आहेत. लिहिण्याचे कारण गजा आहे.

त्याचे तोंड आता दीड बोटापलीकडे उघडत नाही. परवा आमच्याकडे जेवायला बसला तेव्हा भाकरीचा घास आत जाईना. शेवटी त्याने ती वरणात कुस्करून चमच्याने खाल्ली आणि ठेच्याकडे नुसते पाहिले. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे आणि त्याच्या कडेची जखम भरत नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र सुरूच आहे. २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा "आपलं तं ताजं असते" म्हणून हाच हसला होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या शंकेने तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगितले आहे. गजा म्हणतो, "चाकू लागला का रोग पसरते. आता थुकीतच समजते म्हनते, इनूचंच तं काम आहे थे. मंग काहाले कापू द्याचं?" पुतण्याने मोबाइलवर लाळेतल्या मायक्रोआरएनएची कुठलीशी बातमी दाखवली, आणि आपल्या विनूचा विषय म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने निकालच लागला. तुझ्या संशोधनाचा या गावात झालेला पहिला उपयोग हा असा, बायोप्सी चुकवण्यासाठी!

मी त्याला माझ्या शाळामास्तरी पद्धतीने समजावले. कुठे घसरलो असेन तर कळव. पेशीत प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन जाणारा आरएनए असतो, त्याला जेमतेम बावीसेक अक्षरांचा मायक्रोआरएनए चिकटतो आणि त्या प्रथिनाचे उत्पादन रोखतो. १९९३ साली अ‍ॅम्ब्रोस आणि रव्कुन यांना हे मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडले, तेव्हा ती त्या कृमीपुरतीच गोष्ट आहे असे बहुतेकांना वाटले. २००० साली लेट-७ नावाचा मायक्रोआरएनए माणसापर्यंत अनेक प्राण्यांत आढळला तेव्हा जग जागे झाले, आणि २०२४ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. (तू पीएचडीला असताना "त्या कृमीपायी आमच्या पऱ्हाटीवरची बोंडअळी मरणार का?" असे मी विचारले होते आणि तू वर्षभर अबोला धरला होतास. प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो.) कर्करोगात यांतले काही वाढतात, काही नाहीसे होतात, रक्ताच्या एका कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा गळतो त्यावरच मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए असतात, हे २००२ साली दिसले, तेही सांगितले. गजाने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग थुकीत काहून नाही सापडत?"

खरी अडचण इथेच आहे, कारण सापडते! तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेत मिर-३१ वाढलेला आढळला आहे, हे मी नाकारू कसे? पण शंभर जणांच्या सरासरीत दिसणारा फरक आणि एकट्या गजाच्या गालाचे निदान यांत किती अंतर आहे, हे त्याच्या गळी उतरवणे मला जमत नाही. तंबाखूने आणि सूज-जखमेनेही हे आकडे हलतात, रक्ताच्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या तरी मोजणी बिघडते, हे तूच मला तासभर वैतागून ऐकवले होतेस. आणि लाळेने उद्या "संशय आहे" म्हटले, तरी पुढची पायरी तुकडा काढण्याचीच ना? तोंडातला तुकडा तपासायला काढल्याने रोग पसरतो, या समजुतीला आधार नाही, हेही त्याला माझ्याकडून पटत नाही. पुतण्या तर "आता मायक्रोआरएनएचं इंजेक्शनच येणार" म्हणतो. मिर-३४ ची नक्कल टोचण्याची चाचणी प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ साली थांबवावी लागली, असे मी म्हटल्यावर "काका नेहमी वाईटच वाचतात" असे उत्तर मिळाले.

माझा राग तुझ्यावर नाही, बातमी लिहिणाऱ्यावर आहे. थोडासा तुझ्यावरही आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात पारावर बसून "पुढे थेंबभर लाळेवर निदान होईल" असे तू रंगवून सांगितलेस, त्यातले "पुढे" गजाने गाळले. तू ते ठासून म्हणायला हवे होतेस.

फोन करू नकोस. फोनवर तो तुला संत्र्याचा भाव सांगतो आणि हसण्यावारी नेतो. तू त्याला पत्र लिही, मराठीत, मोठ्या अक्षरात, तुझ्या संस्थेच्या कागदावर, खाली सही करून: लाळेची तपासणी अजून संशोधनात आहे, मी स्वतः त्यावर काम करतो आणि म्हणूनच सांगतो की तुकडा काढू दे, आणि खर्रा आजच सोड. तुझी दहावीतली चिठ्ठी त्याने अजून पेटीत ठेवली आहे. तुझे लिहिलेले तो मोडणार नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याला घेऊन जायला मी तयार आहे, वहिनीही येणार आहेत.

तुमच्याकडे सगळे ठीक ना? घराचे काम संपले का? मुलीला आशीर्वाद. अनुदानाचे काय झाले ते सवडीने लिही, पण आधी गजाचे पत्र स्पीड पोस्टाने टाक, आणि पत्ता माझ्या शाळेचा घाल, नाही तर पुतण्या ते आधी फोडील.

तुझा,
बबन